उरलेली तीन अंडी

माळ घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तर वीरेशम सारांच्या लक्षात आलं, की अय्यप्पाला नवस बोलताना आपण चौथीच्या वर्गाचा विचारच केला नव्हता.

नवस साधा होता. आपल्या गावी, जगित्यालला बदली व्हावी, घरचं जेवण मिळावं, रोजची बस सुटावी. त्यासाठी काळी लुंगी, अनवाणी पाय, एक वेळ जेवण. मांस-अंडं वर्ज्य, राग वर्ज्य, वाकडा शब्द वर्ज्य. भेटेल त्या पुरुषाला ‘स्वामी’ म्हणायचं, बाईला ‘माता’. नवसाच्या नियमात शाळेतल्या पोरांना सूट नव्हती.

आजवर या माणसाने वर्ग छडीवर चालवला होता. वर्ग चिडीचूप असायचा, आणि चिडीचूप वर्ग म्हणजे चांगला वर्ग, असं वरच्यांपासून खालच्यांपर्यंत सगळे मानतात. स्मशानही चिडीचूपच असतं, पण त्याला कुणी ‘उत्तम’ असा शेरा देत नाही. वीरेशम सारांना मात्र दरवर्षी मिळायचा.

आता त्यांनी फळ्यावर भागाकार लिहिला आणि दातओठ आवळून म्हणाले, “समजलं ना, स्वामी?”

वर्गाने एकमेकांकडे पाहिलं. मग मागून राजलिंगू उठला. “नाही समजलं, स्वामी.”

सारांचा हात सवयीने छडीकडे गेला आणि रुद्राक्षाच्या माळेवर येऊन थांबला. “आणखी कुणाला नाही समजलं?”

सगळ्या वर्गाचे हात वर! सार खुर्चीत बसले. “मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“इतके दिवस तुम्ही स्वामी नव्हता ना,” राजलिंगू म्हणाला.

त्या दिवसापासून वर्गाला तोंड फुटलं. सार समजावत, पोरं अडवत, सार पुन्हा समजावत. शेजारच्या वर्गाच्या वनजा मॅडम दारात येऊन म्हणाल्या, “स्वामी, हा वर्ग आहे की बाजार?” सार हात जोडून म्हणाले, “माता, मलाही अजून कळलेलं नाही.”

अशात तपासणीचे साहेब येणार असं ठरलं. बदलीच्या अर्जावर सही त्यांचीच लागायची. आणि नेमका तोच दिवस शाळेच्या जेवणात अंडी द्यायचा निघाला. स्वयंपाकाच्या लच्चव्वाची मोपेड खड्ड्यात आपटली आणि निम्मा ट्रे रस्त्यालाच वाढून झाला.

“उकडून उरली ती चौदा,” लच्चव्वा म्हणाली. “पोरं बावीस. तुम्हीच वाटा, स्वामी.”

“माता, मला अंड्याला हात लावता येत नाही.”

“मग मी काय देवाला बोलवू? भात करपतोय माझा!” पातेलं टेबलावर आदळून ती गेली.

हात पाठीमागे बांधून सार भिंतीला टेकले आणि पोरांना म्हणाले, “तुम्हीच वाटा, स्वामी. भांडण नको, आणि कुणाला कमीजास्त नको.”

भांडण झालंच. राजलिंगू म्हणाला, मोठ्यांना अख्खं. त्याला चारजणींनी खाली बसवला. मग गंगामणी उठली. ही पोरगी वर्षभरात हजेरीपलीकडे बोलली नव्हती. “अर्धं अर्धं करू,” ती म्हणाली. “अकरा संपतात. तीन उरतात.”

“शाबास!” सार म्हणाले. “बाकी तीन.”

“पण बाकी म्हणजे कुणाच्या वाटची, स्वामी?”

वीरेशम सार पंधरा वर्षं बाकी लिहायला शिकवत होते. ती कुणाची असते, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

तेवढ्यात साहेब दारात आले. पोरं टेबलावर चढलेली, फळ्यावर अंडी काढलेली, मास्तर अनवाणी भिंतीला टेकलेला.

“काय चाललंय हे?”

“भागाकार, स्वामी,” सार म्हणाले.

“बाकी कुणाची?” गंगामणीने थेट साहेबांनाच विचारलं.

“बाकी सोडून द्यायची असते,” साहेब गुरकावले.

“अंडी सोडून द्यायची?” सगळा वर्ग हसला.

साहेब लालबुंद झाले. सारांना बाजूला घेऊन म्हणाले, “वीरेशम, तुमचा वर्ग म्हणजे टाचणी पडली तर ऐकू यायची. अर्ज माझ्या खिशात आहे. एकदा आवाज चढवा, पोरं गप्प करा. मी इथेच सही करतो.”

सारांनी छाती भरून श्वास घेतला. जगित्याल एका ओरडीवर आलं होतं. देवाची तर क्षमाही मागता आली असती.

समोर गंगामणीने झग्याचा दोरा उसवून त्याचं एक टोक दातात धरलं होतं. उरलेल्या एकेका अंड्याचे ती दोऱ्याने आठ तुकडे करत होती, कपाळाला आठ्या, डोळे बारीक. बाकीची पोरं मोठमोठ्याने मोजत होती. आता ओरडलं तर दोरा हलला असता.

सारांनी श्वास सोडून दिला. “स्वामी,” ते साहेबांना हळूच म्हणाले, “ती कापतेय. जरा गप्प उभे राहा.”

साहेबांनी अर्ज काढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि मोठ्याने बोलत बोलत लिहिलं: “वर्गात शिस्त नाही. शिस्त लागेपर्यंत बदली नाही.” सार आपल्या अनवाणी पायांकडे बघत उभे राहिले.

“झालं!” गंगामणी ओरडली. “प्रत्येकाला अर्धं आणि वर एक तुकडा. दोन तुकडे उरले. ते मोठ्यांना.”

एक तुकडा तिने सारांपुढे धरला. सारांनी हात जोडले, तसा तो राजलिंगूने गिळला. दुसरा तिने साहेबांपुढे धरला. साहेबांनी तो लिहिता लिहिताच तोंडात टाकला, पेनाला टोपण लावलं आणि मिशीला बलक तसाच ठेवून जीपकडे चालू लागले.

गंगामणीने दोरा बोटाला गुंडाळत जीपकडे बघितलं.

“स्वामी, भागाकार येत नसला तरी वाटा मिळतो?”

“मिळतो, माता,” वीरेशम सार खडू उचलत म्हणाले. “पण तो धडा चौथीला नाही.”