गावंडेभाऊंची चारशे मीटर

गावंडेभाऊ इन्स्टाग्रामवर सोळा वर्षांची मुलगी होते. दचकू नका. खात्यावर नाव त्यांच्या लेकीचं, प्राचीचं, फोटो प्राचीचा, पळायची तीही प्राचीच. लिहायचे मात्र भाऊ. पन्नाशीला टेकलेला, पाठ धरणारा हा अकोल्याचा माणूस सकाळी कामावर जाण्याआधी ओट्याशी उभा राहून टाइप करायचा, "टुडे आय रॅन व्हेरी फास्ट. माय लेग्ज आर पेनिंग बट आय ॲम हॅपी." आणि मला वाचून दाखवताना इतका तल्लीन व्हायचा की पाय ह्यांचेच दुखताहेत असं वाटावं.

कॅनडात, कोक्विटलामला आमची टाउनहाउसं भिंतीला भिंत लावून होती. त्यामुळे भाऊंच्या डोक्यात काही शिरलं की ते आमच्याकडे यायला उशीर लागत नसे. ते जवळच्याच सरे गावात खिडक्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला होते. तिथल्या एका पंजाबी सहकाऱ्याचा मुलगा फुटबॉलच्या जोरावर अमेरिकेतल्या कॉलेजात फुकट शिकायला गेला. कसा गेला, तर कोचने त्याचे व्हिडिओ फोनवर पाहिले. झालं. प्राची चारशे मीटर पळायची, शाळेत पहिली यायची, आणि आता तिच्या आणि अमेरिकेच्या मध्ये फक्त कोचची नजर पडायची राहिली आहे अशी भाऊंची खात्री पटली. "पोट्टी चांगली आहे, वयनी," ते मला म्हणाले, "दिसली पाहिजे फक्त."

"दिसली पाहिजे" हे पुढची दोन वर्षं त्यांचं पालुपद झालं.

आता अडचण अशी, की मुलगी दाखवण्याचा भाऊंना आयुष्यात एकाच प्रकारचा अनुभव होता. तीन बहिणींची लग्नं त्यांनी जमवली होती. त्यामुळे प्राचीची माहिती त्यांनी लिहिली ती उंची आणि चारशे मीटरच्या वेळेपासून सुरू झाली, पण पुढे शाकाहारी, मनमिळाऊ, घरकामाची आवड, वडील नोकरीत, अशी घरंगळत गेली. कोचला घरकामाचं काय करायचंय, असं मी विचारलं. संस्कारही दिसले पाहिजेत, हे उत्तर आलं.

कोच लोकांची चौकशीही ते सासरची करावी तशी करत. कॉलेज कुठलं, थंडी किती, कोचची बायको फोटोत हसते का. एका चांगल्या कोचचं नाव त्यांनी बाद केलं, कारण त्याच्या हातात बियरचा ग्लास होता. बाकीचे उत्तर देत नसत. मुलं ठरावीक वर्गात पोचेपर्यंत कोचना त्यांच्याशी बोलायला बंदी असते, हे मी कुठेतरी वाचून त्यांना सांगितलं. भाऊ हसले. पोरगी पाहून गेल्यावर लगेच कोणी होकार कळवतं का, मुलाकडचे वेळ घेतातच, असं त्यांनी मलाच समजावलं.

मग त्यांनी गोतावळा कामाला लावला. तिन्ही बहिणी, तिन्ही जावई, मूर्तिजापूरचे मावसे, सगळ्यांना इन्स्टाग्राम घ्यायला लावलं. एका कोचने आपल्या कुत्र्याचा वाढदिवस म्हणून फोटो टाकला होता. त्याच्याखाली अकोला जिल्ह्यातून ओळीने शुभेच्छा आल्या. हॅपी बर्थडे डिअर डॉग, प्लीज कन्सिडर अवर प्राची. मावशांनी गुलाबाचं चित्रही जोडलं होतं. आपल्याकडे चार माणसांनी शब्द टाकला की काम होतं. तो भाबडा विश्वास त्या बिचाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पडला.

प्राची ह्या सगळ्यापासून लांब होती. पळायची, घरी येऊन पोह्यांची बशी रिकामी करायची, अभ्यासाला बसायची. एकदाच म्हणाली, "इट्स युअर अकाउंट बाबा, नॉट माइन." भाऊंनी ती परवानगी समजली.

व्हिडिओंची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सुरुवातीच्या व्हिडिओत प्राची कमी आणि भाऊच जास्त असायचे. म्हणजे त्यांचा आवाज. शेवटच्या रेषेपाशी फोन धरून उभे राहायचे आणि पिस्तुलाचा बार झाला की सुरू व्हायचे, वऱ्हाडीत, वळणाला वयन म्हणत. "पय, माय, पय. वयनावर दम धर. आता सोड, आता सारं सोड. मांगे पाहू नोको, मांगे मी आहो." प्रत्यक्षात ते मागे नसून पुढे उभे असायचे, पण हे त्यांना सांगणार कोण? गोऱ्या आया वळून पाहायच्या. प्राची हसू दाबत पळायची आणि रेष ओलांडून थेट त्यांच्या अंगावर येऊन थांबायची. फोन हलायचा, आभाळ दिसायचं, व्हिडिओ संपायचा.

कुठल्याशा तज्ज्ञाने नेटवर सांगितलं की कोचला पाठवायच्या व्हिडिओत पालकांचा आवाज नको. वाईट छाप पडते. भाऊंनी ते वेदवाक्य मानलं. आठवडाभर बसून त्यांनी प्रत्येक व्हिडिओतला आपला आवाज काढला आणि त्या जागी ढोलासारखं काहीतरी म्युझिक घातलं. फोन भरला म्हणून मूळचे पुसून टाकले. त्यानंतरच्या शर्यतींना ते एका हातात फोन आणि दुसरा हात स्वतःच्या तोंडावर, असे उभे राहत. एकदा मी बरोबर गेले होते. शेवटच्या वळणावर प्राचीने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. ती कधी इकडेतिकडे पाहून पळणारी नव्हती. मला ते खटकलं. भाऊ तेव्हा फोनच्या पडद्यात बघत होते.

आणि शेवटी एक स्थळ खरंच चालून आलं. सीमेपलीकडच्या एका कॉलेजच्या कोचबाईंनी लिहिलं, की मला प्राचीशी बोलायला आवडेल. भाऊंनी उत्तर पाठवलं, "रिस्पेक्टेड मॅडम, आय ॲम प्राची ओन्ली." मग चार-पाच दिवस त्या दोघांचं लिहिणं चाललं. लहानपणापासून तुमच्याच कॉलेजचं स्वप्न पाहते आहे, तुमच्या गावातली नदी मला फार आवडते, असं भाऊंनी मन लावून लिहिलं. सुनंदावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, प्राचीला आधी सांगा म्हणून दोनदा बजावलं. भाऊंना तिला एकदम आनंदाचा धक्का द्यायचा होता.

व्हिडिओ कॉलच्या दिवशी त्यांनी तिला इस्त्रीचा कुर्ता घालून बसवलं. वहिनींनी मला सांगितलं, ते दहा मिनिटांतच संपलं. कोचबाईंनी नदीबद्दल विचारलं. पोरगी गोंधळून म्हणाली, कुठली नदी? बाई फार सभ्य होत्या. शुभेच्छा देऊन त्यांनी कॉल ठेवला आणि पुन्हा कधी लिहिलं नाही.

प्राचीने फोन घेतला आणि आपल्या नावाने काय काय लिहिलंय ते पहिल्यांदा वाचलं. बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "बाबा, शी वॉन्टेड टू टॉक टू मी. तुम्ही मला बोलूच दिलं नाही." एवढंच. आरडाओरडा नाही, रडणं नाही. खातं पुसून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून पळायला गेली नाही.

मला भाऊंचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्याकडे पाहून तो टिकत नसे. दारातला बर्फ शोव्हल करताना मध्येच थांबून म्हणायचे, "पोट्टी खरंच चांगली पयते न, वयनी?" मी हो म्हणायची. "मंग म्याच मधी उभा राह्यलो," म्हणायचे आणि पुन्हा फावडं चालवायला लागायचे. पळते हे वाक्य आता पळायचीवर आलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं; पण भाऊंनी कधी भूतकाळ वापरला नाही.

प्राची मॉन्ट्रियलला शिकायला गेली. स्वतःच अप्लाय केलं, स्वतःच गेली. फोन यायचा तो वहिनींना. भाऊ शेजारी बसून टीव्हीचा आवाज कमी करायचे.

मग एका शनिवारी भाऊ आमच्या दारात आले, फोन पुढे धरून. प्राचीचा मेसेज होता, त्यांना. तिने पुन्हा पळायला सुरुवात केली होती, कुठल्या संघात नाही, आपली एकटीच. जुन्या व्हिडिओतला एखादा हवाय, असं लिहिलं होतं. नॉट द म्युझिक वन्स. तुमचा आवाज असलेला.

"एकही नाही, वयनी," भाऊ म्हणाले. "म्याच पुसले." माझ्याकडे एखादा असेल का, म्हणून आले होते. माझ्याकडे कुठला असणार? मी चहा टाकला. त्यांनी तो घेतला नाही. जरा वेळाने म्हणाले, उद्या सकाळी माझ्यासोबत शाळेच्या ग्राउंडवर येता का?

रविवारी बारीक पाऊस होता. ट्रॅकवर चिटपाखरू नव्हतं. भाऊंनी फोन माझ्या हातात दिला, शेवटच्या रेषेपाशी नेहमीच्या जागी उभे राहिले आणि शेजारीच, जिथून ती निघायची तिथे पाहू लागले. मग ओरडायला लागले. "पय, माय, पय." मी रिकामी लेन धरून फोन फिरवत होते आणि तो कुठे फिरवायचा हे मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं. पहिलं वळण. पलीकडची सरळ बाजू. "वयनावर दम धर." आवाज फाटायला लागला. "आता सोड, आता सारं सोड. मांगे पाहू नोको. मांगे..." इथे ते अडले. मी फोन तसाच धरून ठेवला. "मांगे मी आहो," ते हळूच म्हणाले आणि दोन्ही हात थोडे पुढे करून उभे राहिले, कोणी अंगावर येऊन थांबेल तसे.

घरी जाताना गाडीत त्यांनी तो पुन्हा लावून पाहिला.

"याच्यात काही दिसत नाही न, वयनी?"

"नाही. नुसता ट्रॅक."

"मंग बरोबर आहे."

त्यांनी तो कुठेही टाकला नाही. कुणाला टॅग केलं नाही, अकोल्याला कळवलं नाही. एकीलाच पाठवला आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.