एनिडचा शेवटचा केक

नाताळच्या दुपारी विल्फ्रेड अ‍ॅक्रॉइडने केकमध्ये सुरी घातली आणि ती चिखलात रुतावी तशी आत गेली. वर काढली तेव्हा केकही तिच्या मागोमाग आला, पण सगळा नाही. टेबलावर तपकिरी ओघळ पसरला आणि ब्रँडीच्या वासाने मांजर उठून चालतं झालं.

"बाबा, काय केलंत हे?" त्याची मुलगी हिलरी ओरडली.

एनिडने, म्हणजे विल्फ्रेडच्या बायकोने, हा केक नाताळपर्यंत मुरावा म्हणून ऑक्टोबरात भाजला आणि नोव्हेंबरात ती गेली. हॉस्पिटलमध्ये तिने नवऱ्याला बजावलं होतं, "दर रविवारी ब्रँडी. एकच चमचा! केक भिजवायचाय, बुडवायचा नाहीये." एकेचाळीस वर्षांत विल्फ्रेडने स्वयंपाकघरात चहापलीकडे काही केलं नव्हतं. आता त्याची त्याला फार लाज वाटत होती. निदान एवढं तरी नीट करू, असं त्याने ठरवलं होतं.

"एकच चमचा घालत होतो," तो पुटपुटला. "पण घातला की नाही, ते आठवायचं नाही. मग पुन्हा घालायचो. केक बिचारा उपाशी राहायला नको."

जेवायला आलेली शेजारीण मॅव्हिस खाकरली. "तुमच्या घराची किल्ली आहे ना माझ्याकडे... मला वाटलं, हा कसला लक्षात ठेवतोय! मी दर बुधवारी येऊन घालत होते."

"किती?"

"आमच्याकडे दोन चमचे घालतात."

हिलरीचा चेहरा पडला. "मी शनिवारी यायचे तेव्हा... मीही."

"तरीच बाटली संपत होती!" विल्फ्रेड म्हणाला. "मला वाटलं, मीच पितोय की काय."

मॅव्हिसला हसू फुटलं, पण त्याचे डोळे बघून ती थांबली. एनिडच्या हातचा शेवटचा केक होता आणि तो त्यांनी प्रेमापोटी नासवला होता. शेवटी हिलरीने वाट्या आणल्या. तिघांनी तो लगदा चमच्याने चाटूनपुसून खाल्ला.

"हिले, पुढच्या वर्षी तू कर," विल्फ्रेड म्हणाला. "अगदी तिच्यासारखा. मी मदत करीन."

"मला कुठे येतो? मॅव्हिस मावशीला विचारा."

"मला? मी तर दरवर्षी आयता खाल्ला गं. लिहून ठेवलं असेल की तिने."

"कशाला लिहील?" विल्फ्रेड म्हणाला. "आपण कुणी विचारलं कधी?"

एनिडचा केक करता येणारं त्या घरात आता कुणी उरलं नव्हतं. त्यावर ब्रँडी घालणारे मात्र तिघे होते.