इथे शेळी, नंतर काढणे

“यादीतली सगळ्यात खालची फाइल लावा, बाबा. बाकीच्यांना हातसुद्धा लावू नका,” एवढं बजावून सून वाचनालयाच्या सभागृहातून बाहेर पडली. जगबुडीनंतर उरलेल्या एका मुलीचा अ‍ॅनिमेशनपट तिनं सात वर्षं खपून एकटीनं काढला होता. आज तो लोक पहिल्यांदाच पाहणार होते, आणि लोकांना जांभया देताना बघण्याचं धैर्य तिच्यात नव्हतं. तेवढा वेळ ती इमारतीभोवती फेऱ्या मारणार होती.

सासरे निवृत्त ग्रंथपाल. वाचनालयाच्या चित्रपट मंडळाचा प्रोजेक्टर तेच चालवत, कारण तो अंधारात, सगळ्यांच्या पाठीमागे असतो आणि तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. त्यांनी सुनेचा पेनड्राइव्ह लावला, यादी उघडली आणि त्यांना कसंनुसं झालं. ‘होईल तसं’, ‘नवी’, ‘दुरुस्त’, ‘पुन्हा दुरुस्त’, ‘आता बस्स’. कशाचा कशाला मेळ नाही. अडतीस वर्षं पुस्तकं ओळीत लावलेल्या माणसाला अशी यादी तशीच टाकून पुढे जाणं जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी ती आधी अकारविल्हे लावून घेतली आणि मग, सुनेनं सांगितल्याप्रमाणे, सगळ्यात खालची फाइल उघडली. ‘होईल तसं.’ जगबुडीच्या गोष्टीला नाव तसं शोभतं, असंही त्यांना वाटून गेलं.

शेवटच्या रांगेत वितरक बाई बसल्या होत्या. त्यांची कंपनी प्रेक्षकांनी लिहिलेल्या अभिप्रायाच्या चिठ्ठ्यांवर जायची. चिठ्ठ्या बऱ्या निघाल्या तर चित्रपट थिएटरात, नाहीतर सुनेच्या कपाटात.

पडद्यावर खडबडीत कागद आला. पेन्सिलीची एक रेघ थरथरत सरकली, तिची पायरी झाली, पायरीवर एक मुलगी उभी राहिली. मुलगी तळघरातून वर आली, आणि वर काहीच नव्हतं. ना रंग, ना आवाज. कोपऱ्यात एक आकडा तेवढा पळत होता.

आवाज नाही म्हणून ग्रंथपालांनी स्पीकरचं बटण पिळलं. स्पीकर नुसता घुमला. पुढून कुणीतरी दटावलं, “श्श! काय भयाण शांतता आहे, मोडू नका!” ग्रंथपालांनी हात काढून घेतला. चित्रपट त्यांनीही पाहिलेला नव्हता. असेल तसंच, आपल्याला काय कळतंय!

“आकडा कसला हो?” दातांचे डॉक्टर कुजबुजले.

“माणसं मोजतायत,” शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी म्हणाल्या. “गेलेली.”

कुजबुज रांगेरांगेतून मागे पोचली आणि सभागृह गार पडलं.

मग मुलीला एक शेळी भेटली. शेळीची आधी नुसती बाह्यरेषा होती. पुढच्या प्रसंगात तिचे पाय गेले, मग पोट, मग शिंगं. शेवटी त्या जागी फक्त अक्षरं उरली, ‘इथे शेळी, नंतर काढणे.’ आणि मुलगी त्या रिकाम्या जागेच्या पाठीवरून मायेनं हात फिरवत राहिली. मावशींना हुंदका आवरेना. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि तो उलटा घातला. सरतेशेवटी पांढरा कागद आला. त्यावर एकच ओळ होती, ‘शेवट अजून सुचलेला नाही.’ मिनिटभर तो पांढरेपणा डोळ्यांत भरत राहिला, आणि मग अंधार.

चिठ्ठी पेटीत पडेपर्यंत बोलायचं नाही, असा मंडळाचा नियम होता. एरवी डॉक्टर तो दर वेळी मोडत. आज तेही मुकाट्यानं लिहीत बसले.

सून आत आली तेव्हा वितरक बाईंच्या मांडीवर चिठ्ठ्यांचा ढीग होता. त्यांनी उठून तिचे दोन्ही हात धरले. “घेतला म्हणून समजा! सात वर्षं रंगांना शिवायचं नाही, केवढा हा संयम! आणि ती शेळी! न काढलेली शेळी!”

सुनेनं सावकाश मान वळवून प्रोजेक्टरकडे पाहिलं. मग तिनं सासऱ्यांना कोपऱ्यात घेतलं.

“बाबा, कोणती लावलीत?”

“सगळ्यात खालची.”

“खालची ‘आता बस्स’ होती.”

“ती वर गेली. मी यादी अकारविल्हे लावली ना.”

“पण का?”

“विस्कटलेली होती गं.”

सून खुर्चीत बसली. “लोकांनी माझा कच्चा आराखडा पाहिला. पहिल्या वर्षाचा. तो कुणाला दाखवायचाच नव्हता.”

“चांगला होता गं. मी रडलो.”

“बाबा, त्यात शेळीच नाहीये!”

“म्हणूनच रडलो.”

सून कपाळ चोळत राहिली. मग हळूच म्हणाली, “जाऊ दे. आवडलाय ना त्यांना? गप्प बसू या.”

“आणि खरा?”

“राहील कपाटात.” बोलताना तिचा आवाज चिरकला.

या सभागृहात ग्रंथपाल आजवर दोनच शब्द मोठ्यानं बोलले होते, ‘शांतता राखा’. आता ते पुढे गेले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, “मंडळी, चूक झाली. माझी. तुम्ही पाहिला तो चित्रपट नव्हता. ती चित्रपटाची तयारी होती. आकडे चित्रांचे होते. कुणी गेलेलं नाही.”

“म्हणजे आम्ही उगाच रडलो?” डॉक्टर उसळले.

“थांबा हो,” मावशी उभ्या राहिल्या. “शेळी आहे का? खऱ्यात शेळी आहे?”

“आहे,” सून मागून म्हणाली. “पांढरी. एक कान दुमडलेला.”

“मग दाखव की बाई! आम्ही इथे शोक करतोय!”

बाहेर गेलेली माणसंही परत येऊन बसली. या वेळी मावशींनी सुनेला फेऱ्या मारायला सोडलं नाही, दंडाला धरून शेजारी बसवलं.

पहिली पायरी निळी उमटली आणि आकाश तांब्यासारखं तापत उघडलं, तेव्हा लोकांनी एकदमच श्वास आत घेतला. तासभर करड्या जगात राहून आलेल्या डोळ्यांना तो रंग सोसवेना. पडक्या घरांवर गंजाचे लाल ओघळ होते, राखेत जांभळी छटा होती, वारा वाजत होता. आणि भिंतीआडून शेळी आली. सगळी. पायांसकट.

“आली बाई, आली!” मावशी ओरडल्या, आणि सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. सुनेनं चमकून आजूबाजूला पाहिलं. कुणीही जांभई देत नव्हतं.

शेवटी मुलीला उजाड माळावर एक दार सापडलं, नुसतं दार, भिंत नाही. तिनं ते पिवळं रंगवलं आणि त्यावर टकटक केली. बराच वेळ काही झालं नाही. मग पलीकडून कुणीतरी टकटक केली.

दिवे लागले तरी लोक दाराकडे बघावं तसे पडद्याकडे बघत होते.

वितरक बाईंनी दुसरा ढीग वाचायच्या आधीच सांगून टाकलं, “दोन्ही घेते. आधी न काढलेला, मग काढलेला. शेळी येते तेव्हाचा तो कडकडाट मला प्रत्येक थिएटरात हवाय.”

माणसं पांगल्यावर सून एकेक चिठ्ठी वाचू लागली. डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘पहिला जास्त खोल होता, पण दुसऱ्यात शेळी आहे.’ मावशींनी शेळीला नाव सुचवलं होतं. तळाशी एक चिठ्ठी निघाली, बिननावाची, पुस्तकाच्या पाठीवर लिहावं तशा ठसठशीत अक्षरांत.

‘चित्रपट फार सुंदर आहे. गेल्या सात वर्षांत ब्रश धुतलेलं पाणी मी दोनदा चहा समजून प्यालो. त्याचं आता काही वाटत नाही.’

सुनेनं वर पाहिलं. ग्रंथपाल पाठमोरे होऊन गुंडाळलेली वायर सोडत होते आणि पुन्हा गुंडाळत होते.

“बाबा! अहो, मग बोलला का नाहीत?”

“तू कामात होतीस,” ते म्हणाले.