मास्तर थांबत नाहीत

"थांबायचं? मी?" निवृत्त ड्रिलमास्तर दवाखान्यात कडाडले. "अहो, चाळीस वर्षं पोरांना पळवलंय मी!"

"पोरं पळाली, पण तुमच्या पायातलं रक्त पळत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धमन्या अरुंद झाल्यामुळे नडगीवरची बटणाएवढी जखम भरतच नव्हती. "पट्टी घट्ट बांधू नका, शेक मुळीच नको, सिगारेट बंद. रोज चाला. पोटरी दुखली की थांबा, दुखणं गेलं की पुढे. हयगय केलीत तर पाय गमवाल."

पाय जाणार म्हटल्यावर मास्तरांनी सिगारेट त्याच दिवशी सोडली. थांबणं मात्र जिवावर आलं. अर्धं गाव ज्यांच्या शिट्टीवर वाढलं, त्यांनी भर रस्त्यात पोटरी धरून उभं राहायचं? छे! मास्तरांनी शक्कल काढली. कळ आली की समोरच्या दुकानाची काच निरखायची.

पहिली कळ यायची नेमकी नवरीच्या कपड्यांच्या दुकानापाशी. दुसरी शवपेट्यांच्या.

आठवडाभराने कपडेवालीने मास्तरांच्या बायकोला गाठलं. "काकू, काका रोज तोच झगा बघतात. लग्न कुणाचं हो?"

बाई फणफणत घरी आल्या. "या वयात कोण शोधलीत?"

मास्तर तोंड उघडणार, तोच बेल वाजली. दारात शवपेट्यांचा सुतार, हातात टेप. हा त्यांचाच जुना विद्यार्थी. "मास्तर, रोज बघता आणि लाजून निघून जाता. म्हटलं, आपणच जाऊन माप घ्यावं."

बाईंनी टेपकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "डॉक्टरांनी किती दिवस दिलेत? लपवलंत ना माझ्यापासून!" त्यांचे डोळे भरून आले. ते पाहून मास्तरांचा सगळा ताठा गळाला.

"अगं, पोटरी दुखते म्हणून थांबतो मी!" मास्तर ओरडले. खिडकी उघडी होती. गल्लीभर कळलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही दुकानांबाहेर एकेक खुर्ची होती. मास्तर आधी संकोचले, मग मुकाट बसले. घरी बाई हलक्या हाताने पट्टी बदलत. तीन महिन्यांनी जखम भरली. "असा पेशंट मिळायला भाग्य लागतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि बाईंना आपल्या नवऱ्याचा भारी अभिमान वाटला.

त्या संध्याकाळी मास्तर पहिल्या खुर्चीसमोरून सरळ पुढे गेले. दुसरीही मागे पडली.

"मास्तर, आज बसणार नाही?" सुतार धावत बाहेर आला.

"दुसरं गिऱ्हाईक बघ!"

सुताराने टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. मास्तर दहा पावलं गेले, थबकले आणि उलटे फिरले.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही रे. मघाशी तू नीट पाहिलं नसशील," मास्तर म्हणाले, आणि छाती काढून दुकानावरून पुन्हा एकदा गेले.