हमदुल्लांच्या खोलीतला दुसरा गायक

"किहीमपासून म्हसळ्यापर्यंत माझ्या तावडीतून एकही गुन्हेगार सुटलेला नाही," डिटेक्टिव्ह गणराजने दारातच सांगून टाकलं.

हे अगदी खरं होतं. आजवर तावडीत एकही सापडला नव्हता, त्यामुळे सुटण्याचा प्रश्नच आला नव्हता. त्याची सहायक मृणाल हे फक्त मनात म्हणाली आणि चपला काढून आत गेली.

म्हसळ्याचे हमदुल्ला अर्धं आयुष्य कुवेतात काढून परतले होते. निवांत बसून गझला ऐकायच्या, एवढीच इच्छा उरली होती. त्यासाठी मागच्या खोलीतून त्यांनी पाहुण्यांच्या गाद्यांचा ढीग बाहेर काढला. खाली चकचकीत फरशी, भिंतींना थेट छतापर्यंत टाइल्स, मधोमध एक खुर्ची आणि समोर कुवेतहून आणलेले दोन उंच स्पीकर. पहिल्याच दिवशी गायिकेच्या मागून दुसरं कुणीतरी गायला लागलं.

बायको आबिदाने मुदत दिली होती. "ओ मेहेकचे अब्बा, आज दुपार कलल्यावरच्या असरच्या अजानपर्यंत आवाज सुधारला तर खोली तुमची. न्हाय तर गाद्या परत आत. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा न्हाय, आणि संध्याकाळी मेहेकच्या सासरची माणसं येतायत."

गणराज खोलीत शिरला, घसरला आणि बसल्या जागेवरूनच त्याने तपास सुरू केला.

"कोण आहे?"

"आहे... आहे..." खोली म्हणाली.

"ऐकलंस, मृणाल? कबुलीजबाब."

"सर, तो तुमचाच आवाज आहे."

"म्हणजे माझी नक्कलही करतो. सराईत दिसतोय."

पहिला संशय शेजारच्या जिब्रानवर गेला. तो भिंतीला तोंड लावून गात असणार.

"जिब्रान बोटीवर गेलाय," हमदुल्ला म्हणाले. "समुद्रात."

"एवढ्या लांबून? फुप्फुसं काय असतील त्याची."

मग गणराजच्या तर्कात गायिकेला जुळी बहीण निघाली. ती बाद झाल्यावर गणराजने स्पीकरकडे बोट दाखवलं. "कुवेतचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणून तर आवाज उशिरा पोचतोय."

मृणालने कपाळाला हात लावला. हमदुल्लांना मात्र आता काहीही पटत होतं. त्यांनी उठून भिंतीवरचं घड्याळ अडीच तास मागे केलं.

असरची अजान तरीही वेळेवर झाली.

आबिदाने गाद्या आत आणायला घेतल्या. गाद्या, रजया, लोड, तक्के. तीन भिंती छतापर्यंत भरल्या. मध्ये खुर्चीपुरती जागा उरली. हमदुल्ला तिथे बसले. खोलीचा निरोप घ्यायचा म्हणून त्यांनी एक शेवटची गझल लावली.

गायिका एकटीच गात होती. दोन शेरांच्या मधे तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

"पळाला," गणराज कुजबुजला. "मला घाबरून."

"सर, गाद्यांनी आवाज शोषून घेतला."

"तेच म्हणतोय. गाद्यांखाली दबून बसलाय. कुणी हात लावू नका."

"हात लावायला लागेल," आबिदा म्हणाली. "पाहुणे रात्री काय फरशीवर झोपतील?"

हमदुल्लांनी गझल थांबवली. एका गादीची जाडी त्यांनी हाताने दाबून पाहिली.

"आबिदा, मेहेकचे सासरे अंगाने कसे आहेत?"

"चांगले जाडजूड आहेत. का?"

"आणि सासू?"

"त्यांच्याहून जास्त. पण का विचारताय?"

"मग काळजी न्हाय," हमदुल्ला म्हणाले. "एकेकाला एकेका भिंतीला टेकवून बसवू."