शुक्रवारचा टायमर

"अहो, त्या टायमरचं नक्की झालंय ना?" बायकोने सकाळपासून कितव्यांदा तरी विचारलं, तेव्हा वायरमनचं डोकं फिरलं.

"अगं, लोकांच्या घरी टायमर बसवून बसवून हात झिजले माझे. आता आपल्याच घरी चुकेन का?"

पण बायकोची काळजी काही गेली नाही. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायचा आणि मग शनिवारी रात्र पडेपर्यंत घरात कुणी दिव्याच्या बटणाला बोट लावायचं नाही, हा या घरचा नियम, आणि त्यावर घरातच राहणाऱ्या बायकोच्या आईची करडी नजर. दिवे कधी लागायचे नि कधी विझायचे ते आधीच टायमरला सांगून ठेवावं लागे. त्यात आज पाहुणे येणार होते.

तेही साधेसुधे पाहुणे नव्हेत. त्या गावात ज्यू घरं मूठभर, आणि अलीकडे सगळे एकत्र दिसायचे ते फक्त दफनभूमीत. "आता कुणी गेल्याशिवाय आपण भेटायचंच नाही का?" असं बायको नेहमी म्हणायची. अशात समाजाच्या मंडळाने योजना काढली, की जो कोणी शुक्रवारी समाजातल्या लोकांना घरी जेवायला बोलावेल, त्याला खर्चाला हातभार म्हणून छोटंसं अनुदान द्यायचं. पहिला अर्ज बायकोचा होता आणि तो मंजूरही झाला. मात्र मंडळाच्या बाई स्वतः जेवायला येणार होत्या. लोक आले, बसले, रमले, तर हे दर महिन्याला. नाहीतर योजना गुंडाळायची, असं ठरलं होतं. त्यामुळे बायकोची झोप उडाली होती, आणि वायरमनने बैठकीचे दिवे, पंखे, सूप गरम ठेवायची शेगडी, सगळं मोठ्या हौसेने एकाच टायमरवर जोडून टाकलं होतं.

संध्याकाळी सगळे आले. मंडळाच्या बाई कडक इस्त्रीचे कपडे घालून आल्या आणि खुर्चीवरही तशाच ताठ बसल्या. शिंपी आला. बेकरीवाला वेणीसारखा विणलेला पाव घेऊन आला. हे दोघे सख्खे भाऊ. वडिलांच्या दुकानाच्या वाटणीवरून भांडले होते आणि 'या जन्मात तुझं तोंड बघणार नाही' अशी शपथ दोघांनीही घेतली होती. बायकोने दोघांनाही बोलावलं होतं आणि एकालाही दुसऱ्याचं सांगितलं नव्हतं. दारातून परत जाणं दोघांनाही बरं दिसेना, म्हणून दोघे टेबलाच्या दोन टोकांना छताकडे बघत बसले. बाकी मंडळीही त्यांच्याकडे बघून अवघडली. चमच्यांचा आवाज तेवढा येत होता.

"सूप छान आहे," मंडळाच्या बाई म्हणाल्या.

"हो, छान आहे," सगळे म्हणाले. तिथेच विषय संपला.

आणि दिवे गेले.

पंखा फिरत फिरत थांबला. शेगडी टकटक करून गार पडली. वायरमनला लख्ख प्रकाश पडला, पण फक्त डोक्यात. टायमरच्या तबकडीवर त्याने दिवसाची बाजू रात्रीला आणि रात्रीची दिवसाला लावली होती. दिवे आता उद्या उजाडल्यावर लागणार होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे तर दिव्यालाच अंधार! सवयीने तो उठला आणि दाराशेजारच्या बटणाकडे निघाला. ते दाबलं की टायमरला न विचारता दिवे लागत.

"जावईबापू!" अंधारातून सासूबाईंचा आवाज आला. "बटणाला हात लावाल तर बघा!"

"छे हो आई, मी आपलं... पाय मोकळे करत होतो."

सूर्य मावळायच्या आत लावलेले शब्बाथचे तेलाचे दिवे तेवढे जळत होते. पण इतक्या माणसांत कुणाची बाही पेटायला नको म्हणून बायकोने ते स्वयंपाकघरात ओट्यावर लावले होते, आणि एकदा लावलेले दिवे आता हलवायचीही सोय नव्हती. समोरच्या मास्तरांच्या व्हरांड्यातल्या दिव्याचा थोडा उजेड खिडकीतून येत होता, त्यावर मंडळी आपापली ताटं ओळखत होती.

"मास्तरांना बोलवा," सासूबाईंनी निकाल दिला. "ते काही आपल्यातले नाहीत, त्यांना बटण चालतं. पण दिवा लावा म्हणून सांगायचं नाही हं! त्यांना स्वतःला गरज वाटून त्यांनी लावला, तर आपल्याला चालेल."

वायरमन चाचपडत रस्ता ओलांडून गेला. मास्तर गणिताचे, निवृत्त आणि अतिशय सज्जन.

"मास्तर, आमच्याकडे अंधार झालाय हो."

"आज शुक्रवार! माझ्या लक्षात आहे," मास्तर उत्साहाने म्हणाले. "तुमच्यात दिवे लावत नाहीत. अगदी काटेकोर पाळता, कौतुक वाटतं."

"तसं नाही, म्हणजे तसंच, पण पाहुण्यांना ताट दिसत नाहीये."

"अरेरे, आणि माझा दिवा मेला तुमच्या खिडकीत शिरतोय! आधी सांगायचं नाही का?" असं म्हणून मास्तरांनी व्हरांड्यातला दिवा पटकन विझवला.

वायरमन परत आला तेव्हा बैठकीत काळामिट्ट अंधार होता. बायकोचा रडवेला आवाज आला, "लावला का दिवा त्यांनी?"

"होता तो विझवला."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. आश्चर्य म्हणजे त्या मंडळाच्या बाई होत्या. त्यांचं बघून सगळेच हसायला लागले. स्वयंपाकघराच्या दाराशी जरासा उजेड होता, म्हणून सगळे खुर्च्या ओढत तिकडे सरकले. कुणाची कोपरं कुणाच्या बरगडीत, कुणाचा चमचा दुसऱ्याच्याच वाडग्यात. गार सूप, पण लोक पुन्हा मागून पिऊ लागले. बाईंनी तर लहानपणी मामाच्या दाढीला डिंक लावल्याची गोष्ट सांगितली.

त्या गर्दीत एक ओळखीचा आवाज म्हणाला, "पाव बाबांसारखा भाजलाय."

मग दुसरा आवाज म्हणाला, "त्यांच्याच भट्टीत भाजतो. तू तोंड बघणार नव्हतास ना माझं?"

"बघतोय कुठे? काही दिसतंय का?"

"मग ठीक आहे. घे अजून एक तुकडा."

बायकोने अंधारातच वायरमनचा हात घट्ट दाबला.

एवढ्यात दारात मास्तर हजर झाले. आपला दिवा विझवला तरी शेजाऱ्याचा चेहरा पडलेलाच का, या गणिताचं उत्तर न सुटल्यामुळे ते खुद्द विचारपूस करायला आले होते. बायकोने त्यांना आग्रहाने बसवलं. बसताना त्यांचा चष्मा पडला.

"माझा चष्मा!" मास्तर म्हणाले. "इथे तर काहीच दिसत नाही. माफ करा हं, मला नाइलाजाने..." आणि त्यांनी उठून दाराशेजारचं बटण दाबलं.

दिवे लागले. शेगडी लागली, पंखा फिरला, आणि बोलणं बंद पडलं.

सगळे डोळे चोळत एकमेकांकडे बघू लागले. मंडळाच्या बाईंच्या इस्त्रीवर सूप सांडलं होतं. त्या सावरून ताठ बसल्या. शिंपी आणि बेकरीवाला मांडीला मांडी लावून बसले होते, ते दोघेही एकदम छताकडे बघायला लागले. बायकोचा चेहरा उतरला.

मास्तरांना चष्मा सापडला. त्यांनी तो पुसून डोळ्यांवर चढवला.

"मास्तर," सासूबाई घसा खाकरून म्हणाल्या, "उजेड जरा डोळ्यांवर येतो, नाही?"

वायरमन आ वासून त्यांच्याकडे बघत राहिला.

"छे! उलट आता किती स्वच्छ दिसतंय," मास्तर म्हणाले. "चला, तुमचं चालू द्या." ते हात जोडून निघाले. पण सगळा जन्म शाळेत गेलेला माणूस. वर्गाबाहेर पडताना दिवे घालवायची सवय हाडीमाशी खिळलेली. दाराशी त्यांचा हात आपोआप बटणाकडे गेला.

पुन्हा काळोख झाला.

"हां, तर बाबांच्या त्या भट्टीचं..." शिंप्याचा आवाज आला, आणि दोघे भाऊ एकदमच बोलायला लागले.

पाहुणे उठायचं नाव घेईनात. अनुदानाचं पुढे काय, हे बायकोच्या ओठांवर होतं. पण शब्बाथला पैशाची गोष्ट काढायची नाही, आणि शेजारीच तिची आई बसलेली. तिची ती चुळबुळ मंडळाच्या बाईंना अंधारातही कळली असावी.

"वायरमनसाहेब," त्या म्हणाल्या, "आज बाकी काही बोलायचं नाही, ते मला ठाऊक आहे. पण एक सांगून ठेवते. पुढच्या महिन्यात आम्ही येऊ, तोपर्यंत त्या टायमरला अजिबात हात लावू नका."