सरांनी लावलेली रांग

"ज्याला अंक कळतात त्याला जगात कुणाला वाट विचारावी लागत नाही!" असं सर म्हणायचे, आणि म्हणून झालं की कुणी ऐकलं का ते हळूच बघायचे. सारा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेलेला. निवृत्तीनंतर शिकवायला घरात उरली एकटी बायको, आणि ती काही केल्या शिकेना!

अशा सरांची सून विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागली. नोकरी अजून कच्ची होती. त्या दुपारी तपासणी समिती येणार होती आणि तिच्या शेऱ्यावर सूनबाई कायम होणार की घरी बसणार, ते ठरणार होतं. नेमका तोच दिवस सरांनी ग्रंथालय बघायला निवडला.

"मी आलो की तुला धीर येईल," ते म्हणाले. सुनेला काय आलं, ते तिने सांगितलं नाही.

"बाबा, तुम्ही खाली वाचनकक्षात बसा. पुस्तक हवं असेल तर मी आणून देते."

"तू? मला? अगं, पुस्तकाच्या पाठीवरचा तो तुमचा कॉल नंबर म्हणजे शेवटी आकडेच ना?"

"हो, पण ते जरा..."

"जरा नाही नि बिरा नाही! तू तुझी समिती सांभाळ."

सुनेने हवं असलेल्या पुस्तकाचा नंबर एका कपट्यावर लिहून दिला आणि ती पळाली. सर ऐटीत जिना चढून गणिताच्या विभागात गेले. उंच रॅक, मधे अरुंद बोळ, आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एक पांढरी चिठ्ठी. चिठ्ठीवर वरच्या ओळीत पाचशे एकोणीस, खालच्या ओळीत उरलेले आकडे.

सर पहिल्याच फळीपाशी थबकले. पाचशे एकोणीसच्या खाली दोन. ठीक. शेजारच्या पुस्तकावर दोन हजार दोनशे सत्त्याऐंशी. आणि त्याच्या शेजारी... तीन!

"दोन, दोन हजार दोनशे सत्त्याऐंशी, तीन?" सर मोठ्यानेच ओरडले. खिडकीपाशी डुलकी घेणारा एक संशोधक दचकून उठला, "हो सर, पुढच्या आठवड्यात नक्की देतो," म्हणाला आणि पुन्हा निजला.

पुढे तर आनंदीआनंदच होता. पाच, मग पाचशे पस्तीस, मग चोपन्न, मग सहा! शाळा सुटल्यावर फाटकात होते तशी आकड्यांची झुंबड!

समितीने हे बघितलं तर? सून पडली कला शाखेची. तिला कोण सांगणार की सहानंतर पाचशे पस्तीस येतात? बिचारी भोळेपणी सगळं उलटंपालटं लावून बसली आणि आता भर सभेत तिचं नाक कापलं जाणार!

सरांनी बाह्या सरसावल्या. आधी सगळे एक आकडी ओढून काढले. मग दोन आकडी. मग तीन नि चार आकडी धेंडं. पुस्तकं म्हणजे निव्वळ विटा! कंबर कुरकुरू लागली, सदऱ्याची इस्त्री धुळीला मिळाली, एक जाडजूड ठोकळा अंगठ्यावर पडला. पण सर हटले नाहीत. सुनेसाठी सासरा एवढं करत नसेल तर तो सासरा कसला? शेवटची फळी लागली तेव्हा त्यांनी चार पावलं मागे जाऊन रांगेकडे पाहिलं. कवायतीला उभ्या पोरांसारखी उंचीने चढत जाणारी रांग! डोळे भरून आले त्यांचे.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पुढे समितीच्या अध्यक्ष बाई, मागे दोन सदस्य, बाजूला सूनबाई.

"या विभागातलं कुठलंही पुस्तक मागा," सून आत्मविश्वासाने म्हणत होती. "लगेच काढून देते."

अध्यक्ष बाईंनी एक नंबर सांगितला. सून डोळे मिटूनही पोचेल अशी थेट रॅकशी गेली, हात पुढे केला, आणि हात हवेतच राहिला. तिने वर पाहिलं. खाली पाहिलं. शेजारी पाहिलं.

"दुसरं सांगू का?" बाईंनी विचारलं. दुसरंही नव्हतं. तिसरंही नव्हतं. सुनेच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"काल संध्याकाळीच मी स्वतः सगळं तपासलं होतं, मॅडम..." ती म्हणाली. "माझंच कुठेतरी चुकलं असेल. माफ करा."

सर बोळाच्या टोकाला उभे होते. गप्प राहता आलं असतं. जिना दोन हातांवर होता. एक पाऊल तिकडे पडलंसुद्धा! पण सुनेने पदराच्या टोकाने डोळा टिपला, आणि सरांचा हात आपोआप वर गेला, वर्गातल्या पोरासारखा.

"मी लावली ती रांग. आधी सगळा गोंधळ होता. मी नीट केलं."

"गोंधळ?" बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "आपण?"

"गणिताचा शिक्षक. निवृत्त."

बाईंनी एका पुस्तकाची चिठ्ठी जवळून पाहिली. मग अगदी हळुवार विचारलं, "सर, पॉइंट पाच तीन पाच मोठं की पॉइंट सहा?"

"पॉइंट सहा!" सरांनी तत्क्षणी उत्तर दिलं. आणि मग त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

बाईंनी एक पुस्तक काढून पाठ समोर धरली. खालच्या ओळीच्या सुरुवातीला एक बारीकसं टिंब होतं.

"हे दिसलं नाही?"

"दिसलं," सर पुटपुटले. "मला वाटलं, माशीने घाण केली."

"प्रत्येक पुस्तकावर?"

खिडकीपाशी झोपलेला संशोधक फिस्सकन हसला. अख्ख्या दुपारभरात तो तेवढाच पुरता जागा झाला होता. सरांना वाटलं, फळीवरच्या एखाद्या फटीत शिरावं, पण फटी त्यांनी स्वतःच बुजवल्या होत्या.

बाईंनी शेरा दिला: पुस्तकं जागच्या जागी नसली तरी हरवलेली नाहीत, आणि दोष कर्मचाऱ्याचा नाही. मात्र वाचकांसाठी ठळक सूचना लावावी.

समिती गेली. सासरा नि सून आमनेसामने बसून पुस्तकं पुन्हा लावू लागले. सून एका शब्दाने काही बोलली नाही. ती ओरडली असती तर सरांना बरं वाटलं असतं! ते प्रत्येक चिठ्ठी नाकाशी धरून "पॉइंट... पॉइंट..." पुटपुटत होते, आणि तिला विचारून मगच पुस्तक आत सरकवत होते.

सून कायम झाली. पत्र आलं त्या दिवशी तिने एक मोठा पुठ्ठा आणि शाई सरांसमोर ठेवली.

"बाबा, तुमचं अक्षर छान आहे. सूचना तुम्हीच लिहा."

सरांनी मान खाली घालून, एकेक अक्षर कोरत लिहिलं: 'वाचकांनी पुस्तके स्वतः रॅकमध्ये लावू नयेत. टेबलावर ठेवावीत.' मग चाचरत विचारलं, "खाली कुणाच्या आज्ञेवरून वगैरे घालायचं का? की एखादं नाव?"

"नको बाबा," सून म्हणाली. "नाव सगळ्यांना माहीत आहे."